झोन क्रमांक सत्तेचाळीस

संगणकातल्या माझ्या नकाशात
सहाशे बारा माणसं एकाच ठिपक्यावर राहतात.
तशी पद्धतच आहे. वाड्याची हद्द आखायची,
मध्य काढायचा, आणि सगळ्यांना तिथून
सकाळी आठला कामावर धाडायचं.

तो ठिपका एकदा बघावा म्हणून
पेडण्याहून दीडची बस धरली.
कंडक्टर म्हणाला, सड्यावर नाही जात आता,
नव्या रस्त्याच्या कठड्याशी उतरा, वळसा घ्या.
वळसा माझ्याच अहवालात होता:
चार पूर्णांक दोन किलोमीटर, साडेसहा मिनिटं.
मला सव्वा तास लागला.
चपलेचा अंगठा तुटला, त्याला रकाना नाही.

ठिपका सापडला.
चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणीत,
हिरव्या पाण्यात, बरोबर त्या अक्षांश-रेखांशावर
एक म्हैस बसली होती.
मी तिची नोंद घेतली. तिने माझी घेतली नाही.

माणसं जरा पलीकडे होती, काजूंच्या उतारावर.
बायजी वरकच्या पडवीत ध्वनिमापक उभा केला,
तर तिच्या शेळीने त्याची स्पंजाची टोपी खाल्ली.
म्हणून त्या दिवशी
चार वाजून दहा ते चार वाजून चौदा
हा आलेख विमानांचा नाही, शेळीच्या जबड्याचा आहे.

शेजारची चौथीतली पोर
पाळण्यातल्या भावाचे कान झाकायला शिकली आहे.
आभाळाकडे बघतही नाही,
गृहपाठ करता करता डावा हात तेवढा जातो.
आणि राखणदाराचा दगड कुंपणाच्या आत गेला.
त्याला कोणी पास दिलेला नाही, बायजी म्हणाली,
म्हणून अवसेला रोट आणि फेणी
तारेच्या भोकातून आत सरकवायची.
रोट चपटा करावा लागतो.

प्रश्न चौदावा मी वाचला:
विमानाच्या आवाजाने रात्री किती वेळा जाग येते?
कधीच नाही, एकदा, दोनदा, त्याहून जास्त.

ती हसली. तंबाखूची चिमूट गालात सरकवून म्हणाली,
‘आवाजान न्हीद मोडना गो बाय.
आवाज आयलो ना जाल्यार मोडता.’

मुलगा, नवसो, रात्रपाळीला सामान चढवतो.
त्याचं शेवटचं विमान दोन पन्नासचं.
ते डोक्यावरून गेलं
की ती अर्धवट झोपेतच चूल फुंकते,
पेज ठेवते, पुन्हा पडते.
नाही गेलं तर उठून बसते,
आणि काळोखात शेळ्या मोजते, पुन्हा मोजते,
एक जास्तच भरते.

‘कधीच नाही’वर खूण केली. खोडली.
‘त्याहून जास्त’वर केली. तीही खोडली.
‘इतर’पुढे दीड ओळीची जागा होती.
तिथे लिहिलं: पेज.

सभागृहात पुढच्या महिन्यात मी सांगणार आहे,
चोवीस तासांची सरासरी अठ्ठावन्न डेसिबल.
सरासरीत कोणी झोपत नाही, हे सांगायचं
की नाही, ठरलेलं नाही. बारा मिनिटंच दिली आहेत.

परतीचं माझं तिकीट त्याच दोन पन्नासचं.
फलकावर आलं: विलंब, चाळीस मिनिटं.
रांगेतला एकजण मोबाईलवर कुणावर तरी ओरडला,
एका बाईने पोराला बिस्किटं दिली,
काचेपलीकडे पिवळ्या जाकिटातली माणसं
गाडीला टेकून उभी होती,
त्यांतला नवसो कुठला, मला माहीत नव्हतं.

साडेतीनला उडालो. सतरा-अ, खिडकी.
खाली काळोख, त्याला मध्य नव्हता.
कपाळ काचेला लावून शोधत राहिले
एखादी चूल,
आणि मोजत राहिले, बायजीच्या छपरावर
माझा आवाज किती सेकंद पुरतो.